आषाढातील उन्हाळी शाळा

बालाघाटच्या डोंगररांगेला टेकून वसलेल्या आमच्या गावी, माझ्या लहानपणी, आजोबांच्या माजघरात ज्वारीच्या दोन कणग्या शेजारीशेजारी उभ्या असत. एकीत मालदांडी भरलेली असे आणि दुसरीत हायब्रीड. हायब्रीडचे बियाणे आजोबा दरसाल मृगाच्या अगोदर तालुक्याच्या गावाहून पिशवीबंद विकत आणीत, कारण घरच्या कणसांतून राखलेले बी पुढील साली तसे उतरत नाही, हे एका हंगामाची मेहनत वाया घालवून ते शिकले होते. तिचा एकरी उतारा पाहून शिवारातली माणसे बांधावर थबकत. आणि तरीही घरची भाकरी बारा महिने मालदांडीचीच होई. हायब्रीड जायची ती लेव्हीला, आडतीवर आणि सालगड्याच्या मापात. आजीचा त्याविषयीचा निवाडा ठरलेला होता: हायब्रीडचे पीठ पाणी धरत नाही, भाकरी थापताना काठाला चिरते, आणि सकाळी भाजलेली दुपारी शेतावर नेईपर्यंत कडक होते. त्यात खरिपाचे ते पीक नेमके परतीच्या पावसात सापडले की कणसे काळी पडत, आणि ताट बुटके म्हणून कडबाही थोडाच निघे. आम्ही खाल्ली नाही ती ज्वारी आमच्या सालगड्याची मुले वर्षभर खात होती, ही गोष्ट त्या वयात माझ्या ध्यानात आली नव्हती. आज आठवली की मन खंतावते.

भारतातली पहिली संकरित ज्वारी, जिला कृषिखात्याच्या कागदोपत्री ‘सी. एस. एच. 1’ असे नाव आहे, ती 1964 साली शेतकऱ्यांसाठी प्रसृत झाली. मालदांडीचा निवडक वाण त्याच्या कितीतरी अगोदर, मोहोळच्या संशोधन केंद्रावर, तिथल्याच गावरान ज्वारीतून निवडून काढलेला होता. एक नवी वस्तू प्रयोगशाळेतून निघते, काही गावांत वणव्यासारखी पसरते, काही गावांच्या वेशीवर वर्षानुवर्षे ताटकळते, आणि एकाच घरात एका कणगीत शिरते पण दुसरीत शिरत नाही. असे का व्हावे, याचा शिस्तीने विचार करणारे एक शास्त्र आहे. त्याला इंग्रजीच्या आधाराने लोक ‘इनोव्हेशन इकॉनॉमिक्स’ म्हणतात. मराठीत आपण नवप्रवर्तनाचे अर्थशास्त्र म्हणू. हे शास्त्र तरुण संशोधकांना कसे शिकविले जाते, आणि त्यासाठी जगात ठिकठिकाणी ज्या उन्हाळी शाळा भरतात त्यांत नेमके काय चालते, हे सामान्य वाचकापुढे मांडावे, या हेतूने हा लेख लिहीत आहे.

नवप्रवर्तन हा शब्द जड वाटला तरी त्यामागचा भेद अगदी साधा आहे. शोध लागणे ही एक गोष्ट, त्या शोधाचे विकता येईल किंवा वापरता येईल अशा वस्तूत रूपांतर होणे ही दुसरी, आणि ती वस्तू घरोघर, शेतोशेत पसरणे ही तिसरी. या तिहींतला फरक ठामपणे मांडला तो जोसेफ शुम्पीटर या ऑस्ट्रियन अर्थशास्त्रज्ञाने. आर्थिक विकासावरील त्याचा जर्मन ग्रंथ 1911 च्या सुमारास बाहेर पडला, आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झाल्यावर 1942 साली लिहिलेल्या दुसऱ्या प्रख्यात ग्रंथात त्याने सांगितले की भांडवलशाहीचा प्राण किमतींच्या स्पर्धेत नसून जुन्याला मोडीत काढणाऱ्या नव्याच्या स्पर्धेत आहे. शुम्पीटर 1950 साली वारला. त्याच्या हयातीत त्याच्या म्हणण्याला मान पुष्कळ मिळाला. पण ते मोजावे कसे, हे कोणाला कळत नव्हते.

मोजण्याची निकड उत्पन्न झाली ती एका विलक्षण आकड्यामुळे. 1957 साली अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट सोलो यांनी अमेरिकेच्या 1909 ते 1949 या चाळीस वर्षांच्या उत्पादनाचा हिशेब मांडला. दर माणशी, दर ताशी उत्पादन या काळात दुप्पट झाले होते. या वाढीपैकी यंत्रे, इमारती आदी भांडवल वाढल्यामुळे किती झाली, हे वजा करून पाहिले तर तो वाटा अवघा एक अष्टमांश भरला. उरलेले सात अष्टमांश कशामुळे, तर ज्याला ‘तांत्रिक प्रगती’ असे मोघम नाव देण्यावाचून गत्यंतर नव्हते त्या कशामुळे तरी. मोझेस अब्रामोविट्झ यांनी आदल्याच वर्षी, तशाच दुसऱ्या हिशेबाअंती, या शिल्लक राहिलेल्या राशीला आपल्या अज्ञानाचे माप म्हणावे असे सुचविले होते. एखाद्या संस्थानच्या दिवाणाने जमाखर्च मांडावा आणि सोळा आण्यांपैकी चौदा आणे ‘किरकोळ’ या सदराखाली निघावेत, तसा हा प्रकार होता. त्या चौदा आण्यांचा छडा लावण्याची खटपट म्हणजेच हे शास्त्र.

आता शाळेकडे वळू. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स संस्थानात चार्ल्स नदीच्या काठी केंब्रिज नावाचे गाव आहे. 1920 साली स्थापन झालेल्या ‘नॅशनल ब्युरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्च’ या खाजगी, ना-नफा संस्थेचे ठाणे तेथे आहे, आणि तिच्या वतीने दरसाल जुलै महिन्यात अर्थशास्त्रज्ञांचा मोठा मेळा भरतो. त्याच सुमारास पीएच.डी.च्या निवडक विद्यार्थ्यांसाठी नवप्रवर्तनावरचा एक आठवड्याचा वर्ग भरविण्याचा रिवाज या संस्थेने पाडला. त्याचे नाव ‘इनोव्हेशन रिसर्च बूट कॅम्प’. पलटणीत भरती झालेल्या नव्या शिपायाला पहिल्या काही आठवड्यांत जी कवाईत देतात तिच्यावरून हे नाव आलेले आहे. ‘समर स्कूल’ म्हणजे उन्हाळी शाळा असा शब्दशः अर्थ घेतला की आपल्या डोळ्यांसमोर वैशाखवणवा, आंब्याची आढी आणि बंद शाळांची पटांगणे उभी राहतात. पण तिकडचा उन्हाळा म्हणजे आपला आषाढ. इकडे दिंड्या पंढरीची वाट चालू लागतात तेव्हा तिकडे ही मुले वह्या घेऊन बसतात.

सुटीच्या दिवसांत ज्ञानसत्र चालविण्याची कल्पना आपल्याला मात्र नवी नाही, आणि हे सांगताना मला अभिमान वाटतो की ती आपल्याकडे रुजविणारा पुरुषही अर्थशास्त्रज्ञच होता. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. त्याच रानड्यांनी 1892 साली डेक्कन कॉलेजात हिंदी अर्थशास्त्रावर व्याख्यान देऊन, विलायतेत लिहिलेले अर्थशास्त्राचे नियम या देशाला जसेच्या तसे लागू होत नाहीत असे बजावले. पुढे या लेखात ज्या गोष्टी येणार आहेत त्यांच्याशी रानड्यांच्या या बजावणीचा संबंध फार जवळचा आहे.

वास्तविक विद्यापीठे असताना अशा निराळ्या शाळेची गरज काय, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याचे उत्तर असे की या विषयाला स्वतःचे घर नाही. नवी वस्तू कशी पसरते हे समाजशास्त्रज्ञ सांगतो, पेटंटाचा कायदा वकील जाणतो, यंत्र कसे सुधारत गेले हे तंत्रज्ञानाचा इतिहासकार सांगतो, रेणूची रचना रसायनज्ञाला कळते, आणि किमतीचे गणित अर्थशास्त्रज्ञाला. कोणत्याही एका विद्यापीठात या पाचांची गाठ क्वचितच पडते. एखाद्या हुशार मुलीने औषधांच्या पेटंटांवर प्रबंध लिहावयास घ्यावा आणि तिच्या साऱ्या विभागात त्या विषयातले कळणारे एकही माणूस नसावे, हा सर्रास येणारा अनुभव आहे. अशा एकेकट्या मुलामुलींना एका छताखाली आठ-पंधरा दिवस आणून, सकाळी अनुभवी संशोधकाने आपल्या कामाची कच्ची बाजूही न लपविता शिकवावे, दुपारी त्यांनी आपापले अर्धे-कच्चे प्रकरण मांडावे, आणि रात्री जेवणाच्या टेबलावर त्याचे धागे उकलत बसावे, हा या शाळांचा साधा बेत आहे. गुरुगृही राहून शिकण्याची जी जुनी पद्धत, तिचा हा संक्षिप्त अवतार म्हटला तरी चालेल. कारण येथे जे शिकायचे असते ते बरेचसे पुस्तकात लिहिलेले नसते.

या विषयाची कोणतीही शाळा मक्याच्या एका आलेखावाचून पुरी होत नाही, आणि त्या आलेखाच्या कर्त्याची कहाणी सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. झ्वी ग्रिलिकेस हा लिथुआनियातल्या कौनास शहरी 1930 साली जन्मलेला ज्यू मुलगा. नाझींच्या अमलात त्याची रवानगी डाखाउच्या छळछावणीत झाली, आईवडील गेले, 1945 साली सुटका झाली तेव्हा तो पंधरा वर्षांचाही पुरता नव्हता. शालेय शिक्षण खंडित झालेले, भाषा परक्या. तरी पॅलेस्टाइनमार्गे तो कॅलिफोर्नियाला पोहोचला, तेथे शेतीचे अर्थशास्त्र शिकला, आणि शिकागो विद्यापीठात त्याने प्रबंधासाठी विषय निवडला तो संकरित मक्याचा. 1957 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधात एक चित्र आहे: आडव्या अक्षावर वर्षे, उभ्या अक्षावर मक्याच्या एकूण क्षेत्रापैकी संकरित बियाण्याखाली आलेले शेकडा क्षेत्र, आणि त्यांत आयोवा, विस्कॉन्सिन, केंटकी, टेक्सास व अलाबामा या पाच संस्थानांच्या पाच रेघा. प्रत्येक रेघ प्रथम जमिनीला चिकटून चालते, मग एकाएकी उसळी घेते, आणि माथ्याशी येऊन पुन्हा सपाट होते. आयोवाची रेघ तर अशी खडी आहे की शंभरांतल्या दहा एकरांपासून नव्वद एकरांपर्यंत जावयास तिला अवघी चार वर्षे पुरली. अलाबामाची रेघ निघते तीच मुळी दहा-बारा वर्षे उशिरा.

ग्रिलिकेसने प्रत्येक रेघेतून तीन आकडे वेगळे काढले: ती केव्हा उठते, किती वेगाने चढते, आणि कोठे थांबते. मग त्याने दाखविले की या तिहींची कारणे निराळी आहेत. रेघ केव्हा उठते हे शेतकऱ्यावर अवलंबून नाही, ते बियाणे करणाऱ्यावर अवलंबून आहे. संकरित मका ही एकच वस्तू नव्हती, प्रत्येक हवामानाला आणि मातीला जुळेल असा वाण नव्याने तयार करण्याची ती एक पद्धती होती, आणि बियाण्याच्या कंपन्या व सरकारी प्रयोगकेंद्रे साहजिकच प्रथम तेथे वळली जेथे मक्याचे शिवार दाट होते व गिऱ्हाईक भरपूर होते. अलाबामाचा शेतकरी मागासलेला होता म्हणून मागे राहिला नाही. त्याच्या मातीत उगवेल असे बीच कोणी त्याच्यापर्यंत आणलेले नव्हते. रेघ किती वेगाने चढते आणि कोठे थांबते, हे मात्र शेतकऱ्याला पडणाऱ्या नफ्यावर ठरते. ‘अडाणी शेतकरी नव्याला भितो’ असे जे आपण इतक्या सहजपणे बोलून जातो, त्या बोलण्याला या एका आलेखाने जेवढा धक्का दिला तेवढा दुसऱ्या कशाने क्वचितच दिला असेल.

अर्थात वाद झालाच. 1943 साली रायन आणि ग्रॉस या दोन समाजशास्त्रज्ञांनी आयोवातल्याच दोन वस्त्यांतील 259 शेतकऱ्यांना प्रत्यक्ष भेटून त्याच मक्याचा अभ्यास केला होता, आणि त्यांना असे आढळले होते की नव्या बियाण्याची वार्ता शेतकऱ्याला बहुधा विक्रेत्याकडून कळते, परंतु ते पेरावे असा मनाचा निश्चय होतो तो शेजाऱ्याचे शेत पाहून. तेव्हा माणूस नफा पाहून बदलतो की शेजारी पाहून, या प्रश्नावर अर्थशास्त्रज्ञ आणि समाजशास्त्रज्ञ यांच्यात पुढे चांगलीच जुंपली. मला स्वतःला हा वाद दोन्ही बाजूंनी अपुरा वाटतो. आमच्या आजोबांनी नफा पाहिला हे खरे, शेजारी पाहिला हेही खरे. पण दुसरी कणगी का टिकली याचे उत्तर आजीच्या परातीत होते, आणि परात या दोघांच्याही हिशेबात नव्हती.

ग्रिलिकेस पुढे हार्वर्डला गेले, आणि केंब्रिजच्या त्या संस्थेत उत्पादकतेवरील संशोधनाचे अनेक वर्षे प्रमुख राहिले. 1999 साली ते वारले. त्यांच्या शिष्यशाखेने जे दुसरे मोठे दालन उघडले ते पेटंटांच्या दप्तराचे. पेटंट ही एक प्रकारची सनद आहे: शोधकाने आपली युक्ती जगजाहीर करावी, आणि तिच्या बदल्यात सरकारने त्याला ठरावीक मुदतीपर्यंत तिचा एकाधिकार द्यावा. अमेरिकन पेटंटाच्या पहिल्याच पृष्ठावर, या शोधाच्या पूर्वी याच वाटेवर कोण कोण चालून गेले, त्यांच्या पेटंटांचे क्रमांक नमूद केलेले असतात. ग्रिलिकेस यांचे शिष्य मानुएल ट्रायटेनबर्ग, ॲडम जॅफी आणि त्यांचे सहकारी यांच्या लक्षात आले की ही यादी म्हणजे ज्ञानाच्या वाटचालीचा मागच होय. जमिनीच्या फेरफारावरून जसा मालकीचा इतिहास लागतो, तसा या उल्लेखांवरून कल्पनेचा वंशवृक्ष लावता येतो. 1993 साली जॅफी, ट्रायटेनबर्ग आणि रेबेका हेंडरसन यांनी दाखविले की पेटंट ज्या शहरात जन्मले त्याच परिसरातून त्याचे उल्लेख अपेक्षेपेक्षा पुष्कळ अधिक येतात. म्हणजे छापील कागद जगभर जात असला तरी ज्ञान मात्र बोलण्याचालण्यातून, पायी चालत जावे तसे जवळपास पसरते. 2001 साली त्यांनी व ब्रॉन्विन हॉल यांनी 1963 ते 1999 या काळातील सुमारे 30 लाख पेटंटे आणि 1975 नंतरचे दीड कोटीहून अधिक उल्लेख असा अफाट संग्रह साफसूफ करून सर्वांना मोफत खुला केला. कोल्हापुरातला विद्यार्थी आणि केंब्रिजमधला विद्यार्थी यांच्यापुढे एकच दप्तर उघडे ठेवले गेले. या उदारपणाचे मोल मला निबंधांहूनही मोठे वाटते.

परंतु त्या दप्तरात जे लिहिलेले नाही ते त्याला दिसत नाही, आणि हे आपल्याइतके कोणी जाणत नसेल. 1995 साली अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला, जखम भरून येण्यासाठी हळदीची पूड वापरण्याबद्दल पेटंट क्रमांक 5401504 देण्यात आले. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, जिची धुरा त्या वेळी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून गेलेले डॉ. रघुनाथ माशेलकर वाहत होते, त्याला आव्हान दिले. कापले की हळद दाबावी, हे आपल्याकडे पोरासोरांना ठाऊक. पण पेटंट कचेरीला आजीची साक्ष चालत नाही, लिखित पुरावा लागतो. तेव्हा संस्कृत व उर्दू ग्रंथांतले उतारे आणि 1953 सालच्या एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेख धरून 32 दाखले सादर करण्यात आले, आणि 1997 साली ते पेटंट रद्द झाले. या खटल्याची बातमी आपण विजयोत्सवासारखी वाचली. तरुण संशोधकाने मात्र तिच्यातून दुसरी गोष्ट टिपावी, ती ही की पहिल्या पृष्ठावरच्या त्या यादीत आपले परसदार आणि आपले माजघर कधी आलेच नव्हते.

आकडे हाती असणे आणि आकड्यांवरून योग्य निष्कर्ष काढणे यांत केवढे अंतर आहे, हे शिकविणे हाच अशा वर्गांचा खरा आशय. त्याचे सर्वांत बोधक उदाहरण माणसाच्या जनुकांवरील संशोधनाचे आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस मानवी जनुकसंचाचा नकाशा काढण्याचे काम दोन पथके चढाओढीने करीत होती: एक सार्वजनिक पैशावर चालणारे, ज्याची माहिती ताबडतोब सर्वांना खुली होई, आणि दुसरी सेलेरा ही खाजगी कंपनी, जी आपली माहिती दाम घेऊन, करार लिहवून देई. 2003 पर्यंत सार्वजनिक पथकाने सेलेराची जनुकेही स्वतः वाचून काढली, आणि मग सर्वच खुले झाले. हायडी विल्यम्स या तरुण संशोधिकेने विचारले: जी जनुके त्या एक-दोन वर्षांपुरती कंपनीच्या कुलपात होती, त्यांच्यावर पुढे संशोधन कमी झाले काय? 2013 साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निबंधाचे उत्तर होते, होय. पुढील संशोधन आणि त्यातून निघणाऱ्या चाचण्या 20 ते 30 टक्क्यांनी घटल्या, आणि कुलूप निघाल्यावरही तूट सहजी भरून आली नाही.

येथे थांबले असते तर मालकी हक्क ज्ञानाला घातक, असा सोपा सिद्धान्त हाती आला असता, आणि पुष्कळांना तो हवाच होता. पण विल्यम्स यांनीच भावेन संपत यांच्यासह तोच प्रश्न जनुकांवरच्या पेटंटांविषयी पुन्हा घेतला. पेटंट मिळालेल्या जनुकांची न मिळालेल्यांशी नुसती तुलना करून भागत नाही, कारण ज्या जनुकाला महत्त्व अधिक त्याच्यासाठी अर्जही अधिक हिरिरीने केले जातात. तेव्हा त्यांनी कचेरीतल्या एका साध्या वस्तुस्थितीचा आधार घेतला: पेटंट परीक्षकांपैकी काही स्वभावतः हात सैल सोडणारे असतात, काही कडक, आणि अर्ज कोणाच्या टेबलावर जातो हे बरेचसे योगायोगावर असते. ज्याने कधी मामलेदार कचेरीत अर्ज दिला आहे त्याला ही युक्ती समजावून सांगावी लागणार नाही. सैल परीक्षकाकडे गेलेली जनुके आणि कडक परीक्षकाकडे गेलेली जनुके यांची तुलना करता असे दिसले की पेटंटामुळे पुढील संशोधनावर सरासरीने काहीच परिणाम झालेला नाही. एकाच विदुषीची दोन उत्तरे, आणि दोन्ही प्रामाणिक. कारण कराराचे कुलूप माहिती झाकून ठेवते, पेटंट ती उघड करते. ‘तुमची तुलना कोणाशी?’ हा या वर्गांत पुनःपुन्हा विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि तो विचारण्याची सवय एकदा लागली की माणूस वर्तमानपत्रही निराळ्या रीतीने वाचू लागतो.

हीच सवय घेऊन काही संशोधकांनी अमेरिकेतील बारा लाख शोधकांच्या पेटंटांची त्यांच्या बालपणीच्या कौटुंबिक उत्पन्नाच्या कागदांशी सांगड घातली. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या या कामातून निघाले की सर्वांत श्रीमंत अशा शंभरातल्या एका घरात जन्मलेले मूल पुढे शोधक होण्याचा संभव, उत्पन्नाच्या खालच्या अर्ध्यातल्या घरातल्या मुलाच्या दसपट आहे. आणि गणितात तितकीच हुशार असलेली मुले ताडून पाहिली तरी ही दरी बुजत नाही. मूल ज्या परिसरात वाढते तेथे शोध करणारी माणसे त्याच्या दृष्टीस पडतात की नाही, यावर पुष्कळ अवलंबून असते. आमच्या सालगड्याचा थोरला मुलगा कडब्याच्या ताटांची चालती गाडी करी, तिला वळणारी पुढची चाके बसवी. पाचवीनंतर तो गुरांमागे गेला. हा निबंध वाचताना तो मला दिसत राहिला.

केंब्रिजची शाळा ही एकच नव्हे, आणि माझ्या मते आपल्या मुलांसाठी ती पहिलीही नव्हे. डेन्मार्कमधील आल्बोर्ग विद्यापीठाचे बेंग्ट-ओके लुंडवाल आणि त्यांचे सोबती यांनी ‘ग्लोबेलिक्स’ नावाचे जगभरच्या संशोधकांचे जाळे उभारले, आणि 2004 साली लिस्बन येथे विकसनशील देशांतील पीएच.डी. विद्यार्थ्यांसाठी पहिली शाळा भरविली. या पंथाचे लोक ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर फ्रीमन यांची परंपरा सांगतात. एखाद्या देशात नवे घडते की नाही हे एकेका हुशार शोधकावर नसून विद्यापीठे, कारखाने, बँका, सरकारी खाती आणि कामगार यांच्या परस्परांतल्या देवघेवीवर ठरते, आणि कारखान्यातला कारागीर हातोडा चालविता चालविता जे शिकतो तेही ज्ञानच होय, असे त्यांचे म्हणणे आहे. पेटंटाच्या दप्तरात न उमटणाऱ्या जगाकडे पाहण्याची ही दृष्टी. 2006 साली त्यांची परिषद तिरुवनंतपुरमला भरली, आणि अर्थशास्त्रज्ञ के. एन. राज यांनी स्थापिलेली आणि लॉरी बेकर यांनी उघड्या विटांत बांधलेली ‘सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज’ ही तेथली संस्था या विषयाचे आपल्याकडील महत्त्वाचे केंद्र आहे.

आपल्या देशातले प्रश्न परक्यांनी सोडवावेत यात कमीपणा नाही. पण ते प्रथम आपल्याला पडावेत अशी माझी तळमळ आहे. 1970 च्या पेटंट कायद्याने भारतात औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नसे, केवळ प्रक्रियेवर मिळे. 1 जानेवारी 2005 पासून ते पालटले. या बदलाची किंमत भारतीय रोग्याला किती पडेल याचा गाजलेला अंदाज, क्विनोलोन या जंतुनाशकांचा अभ्यास करून, 2006 साली अमेरिकेतील एका नियतकालिकात प्रसिद्ध झाला: पेटंटे असती तर दरसाल सुमारे 30 कोटी डॉलरचे नुकसान, आणि त्यातला मोठा वाटा औषध घेणाऱ्यांच्या पदरी. भिवंडीचे माग, इचलकरंजीचे कारखाने, तासगावची द्राक्षे, रब्बीची ज्वारी यांवर असे निबंध लिहावयास कोण बसणार? विशेषतः रब्बीची ज्वारी. कारण खरिपात संकरित वाणाने मुसंडी मारली, पण रब्बीसाठी त्यानंतर एकामागून एक संकरित वाण प्रसृत होऊनही मालदांडी आपल्या जागेवरून हललेली नाही. ग्रिलिकेसच्या चित्रात सहावी रेघ काढायची ठरविली तर ती जमिनीवरून उठणारच नाही, आणि ती का उठत नाही हा प्रबंधाचा विषय आहे.

गेल्या दिवाळीत गावी गेलो असता मी तलाठ्याच्या दप्तरातले आमच्या जमिनीचे जुने उतारे काढविले. पीकपाहणीच्या रकान्यात वर्षानुवर्षे एकच शब्द आहे, ‘ज्वारी’. कोणती ज्वारी, ते नाही. गावात हायब्रीड पहिल्यांदा कोणत्या साली आली, हे सांगू शकतील अशी माणसे आता चार-पाचच उरली आहेत. त्यांतल्या आमच्या भावकीतल्या एका आजींना, ज्यांचे वय ऐंशी ओलांडून गेले आहे, मी ओसरीवर बसून विचारले. त्यांनी क्षणभरही आठवावे लागले नाही अशा सुरात सांगितले, “बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या साली बाबा. माझा धाकटा पोटात होता, अन् तिची भाकर मला जात नव्हती.” मी वहीत लिहून घेतले, 1971, आणि आजी पुढे कोणाकोणाच्या घरी ती त्या साली पेरली गेली होती, ती घरे एकेक करून बोटांवर मोजू लागल्या.